नुसती धरून उभी

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला सगळे क्रेन म्हणायचे आणि तिला त्याचा राग तर नव्हताच, उलट जरा तोराच होता. मशीनमधून निघालेला ओल्या चादरींचा गठ्ठा दोघींनी मिळून उचलायचा असा तिथला नियम. क्रेन तो एकटीच छातीशी घ्यायची आणि जोडीदारणीला म्हणायची, "तू दार तेवढं उघड." पन्नाशी उलटल्यावर मुलीने तिला गुडघ्यांसाठी म्हणून जिममध्ये ओढत नेलं. गुडघे राहिले बाजूला, बाई डेडलिफ्टच्या नादी लागली. जमिनीवरचा वजनाचा बार उचलायचा आणि ताठ उभं राहायचं, एवढंच ते. एवढंच म्हणणाऱ्याने एकदा उचलून बघावं.

जड वजनाच्या दिवशी आधी डबीतली ताकदीची पावडर पाण्यात घालून प्यायची ही त्या जिमची रीत होती. रंगाने लालभडक, नाव कलिंगडाचं, चव खोकल्याच्या औषधाची. क्रेन पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्यांना मुंग्या आल्या, छातीत धडधडलं आणि त्या दिवशी बार झपकन वर आला. ती हरखून घरी गेली आणि नवऱ्याला सगळं सांगून बसली. चुकलीच.

नवरा बस चालवायचा. दुसऱ्याचं कौतुक करायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं. "म्हणजे वजन डबीने उचललं," तो म्हणाला, "तू नुसती धरून उभी होतीस."

तिने हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. कारण खरं सांगायचं तर तिलाही तीच शंका होती. पावडरीशिवाय जड वजनाला हात लावायचा तिला धीर होईना. शेवटी तिने सरांना गाठलं. जिमचे सर तिच्या मुलीच्या वयाचे, पण सर ते सर.

"काकू, त्यात मुख्य म्हणजे कॅफीन," सर म्हणाले. "तरतरी येते, एखाद्या वेळी थोडं जास्त वजन उचललं जातं. पण तुमची पाठ काही त्या डबीतून आलेली नाही."

तिला पटलं, पण खात्री होईना. मग तिने स्पर्धेत नाव दिलं, डबी घरीच कपाटात ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "सुट्टी टाका आणि समोर बसून बघा."

तयारीच्या खोलीत जिकडेतिकडे पावडर घुसळायचे शेकर खळखळत होते. क्रेन पाण्याची बाटली घेऊन भिंतीला टेकून बसली होती. नाव पुकारलं. तिने बार उचलला, तो सरळ वर आलाही. पण पंच 'डाउन' म्हणेपर्यंत धरून ठेवायचा असतो आणि ती आत मुंग्यांची वाट बघत होती. मुंग्या नाहीत म्हणजे ताकद नाही, आता हात सुटणार, अशी तिला धडकी भरली. पंचाने तोंड उघडायच्या आतच तिने बार सोडला. लाल दिवे लागले, म्हणजे तीनपैकी पहिली संधी बाद. नवरा हसेल असं तिला वाटलं होतं. तो खाली मान घालून बुटांकडे बघत बसला. ते तिला जास्त लागलं.

आत आल्यावर शेजारच्या स्पर्धक मुलीने आपला शेकर पुढे केला. "काकू, दोन घोट घ्या. बळ येईल."

क्रेनचा हात पुढे गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला. "नको गं बाई. आज कोण उचलतंय ते मला बघायचंय."

दुसऱ्या वेळी तेच वजन तिने दातओठ आवळून धरलं, पंच बोलल्यावरच ठेवलं आणि पांढरे दिवे लागले. तिसऱ्या वेळेसाठी सरांनी वजन विचारलं. तिने जे सांगितलं ते पावडर पिऊनही कधी उचललेलं नव्हतं. सर तो आकडा लिहून द्यायला गेले.

बार गुडघ्यांपाशी अडला. ओल्या चादरींचा गठ्ठा तिथेच अडतो. तिथे हिसका द्यायचा नाही, पाय जमिनीत रोवायचे आणि दम धरायचा, हे तिच्या अंगात इतकी वर्षं मुरलेलं होतं. बार वर सरकला आणि ती ताठ उभी राहिली. मुंग्या नव्हत्या. तळव्यांना बार टोचत होता आणि पाठ सगळीच्या सगळी तिची होती. असा अभिमान तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होता.

"डाउन," पंच म्हणाले.

तिने ऐकलं, पण बार ठेवला नाही. पंच पुन्हा म्हणाले. लोक उभे राहिले. नवरा तर खुर्चीवर चढला होता. चेहरा लाल, डोळे भरलेले, आणि भर गर्दीत बसचा भोंगा वाजावा तसा तो ओरडला, "अगं, ठेव की आता खाली!"

तिने त्याच्याकडे बघितलं. श्वास पुरत नव्हता, तरी एवढं बोलण्यापुरता तिने राखून ठेवला होता.

"काही नाही हो," ती म्हणाली. "नुसती धरून उभी आहे."