लॉर्डसाहेब बसत नाहीत

उंटरश्लाइसहाइम या जर्मन गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जुनी वस्तू कोणी टाकून देत नाही. सगळं केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन ठेवतात. लॉर्डसाहेबांच्या किश्शांचं तसंच झालंय. इथल्या मराठी मंडळातले चार जण भेटले की कोणीतरी म्हणतंच, "मंदार, तो गुडघ्याचा सांग रे!" घ्या, सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही!

तर लॉर्डसाहेब म्हणजे खरेखुरे इंग्रज उमराव. तिकडे शेकडो एकर जमीन, आणि लंडनच्या वरच्या सभागृहात वडिलांकडून चालत आलेली जागा. मग नियम बदलला आणि वारसाहक्कवाल्यांना घरी पाठवलं. जमीन पुतण्याच्या हवाली करून साहेब आमच्या वरच्या मजल्यावर मुलीकडे राहायला आले. मुलगी एमा माझ्याच ऑफिसात आहे. साहेबांचं वय ऐंशीच्या घरात, पण पायाला भिंगरी! बसणं म्हणून माहीत नाही.

* * *

एकदा त्यांचा गुडघा सुजला. एमाला मीटिंग, म्हणून डॉक्टरकडे मी घेऊन गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी फॉर्म भरायला घेतला.

"व्यवसाय?"

"लॉर्ड."

"तो व्यवसाय नाही. दिवसभर करता काय?"

"चाळीस वर्षं देशाचे कायदे तपासले."

"आणि आता?"

बाईंनी 'रेंटनर' लिहिलं, म्हणजे पेन्शनर, आणि "गेनाऊ!" म्हणजे "अगदी बरोबर!" म्हणून शिक्का मारला. पुढची चाळीस मिनिटं साहेब वेटिंग रूममध्ये येरझाऱ्या घालत होते. बाकीचे पेशंट टेनिसची मॅच बघावी तसे माना फिरवत होते.

डॉक्टर म्हणाले, "औषध नको. फक्त बसत जा."

साहेबांनी विचारलं, "ऑपरेशनने नाही का होणार?"

* * *

गावाबाहेर शेतं आहेत. साहेब रोज सरळ त्यातून चालत जायचे! एक दिवस मी बरोबर होतो. ट्रॅक्टरवरचा शेतकरी असा काही ओरडला की मी जागच्या जागी थिजलो. साहेबांनी मात्र अदबीने टोपी काढली.

"मंदार, माझ्या जमिनीतून पायवाट जाऊ नये म्हणून मी तीस वर्षं भांडलो. लोकांवर अगदी असाच ओरडायचो."

"मग आता पटलं ना?"

"पटलं. फार गोड वाटतं हो दुसऱ्याच्या शेतातून चालायला!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

* * *

मे महिन्यात माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्यांनी साहेबांना आणि एमाला चहाला बोलावलं. साहेब कप घेऊन खिडकीपाशी, तिथून दारापाशी, पुन्हा खिडकीपाशी.

"अहो, बसा ना!" सासूबाई पाच वेळा म्हणाल्या, तेही मराठीत. शेवटी वैतागून मला म्हणाल्या, "मंदारराव, यांचं काही राहिलंय का कुठे?"

मी ते एमाला इंग्रजीत विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. सभागृहातल्या शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण करायचं म्हणून साहेबांनी नऊ पानं लिहून नेली होती. यादीत नाव तळाशी. त्यांची पाळी यायच्या आत वेळ संपली आणि दिवे मालवले. ती पानं अजून कोटाच्या आतल्या खिशात असतात. रोज दुपारी ते वाचून बघतात म्हणे.

मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी साहेबांच्या कपात आणखी चहा ओतला.

* * *

रोज दुपारी कुठे वाचतात, तेही कळलं. धुणं टाकायला खाली गेलो, तर सामायिक वॉशिंग मशीनच्या खोलीत साहेब पानं हातात धरून येरझाऱ्या घालत मोठ्याने वाचतायत, समोर चार मशीन. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजीबाई आल्या.

"हेर लॉर्ड! मिटाग्सरूऽ!" म्हणजे दुपारची शांततेची वेळ. आवाज बंद!

साहेबांनी निमूट पानं खिशात घातली. जिन्यात मला म्हणाले, "लंडनपेक्षा ही मशीन बरी. निदान समोर तोंड करून ऐकतात."

* * *

मग आमच्या मंडळाची वार्षिक सभा आली. नोटिशीत शेवटचा विषय नेहमीचाच: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर साहेबांनी विचारलं, "हे काय असतं?"

"काहीही. कोणीही उठावं, काहीही बोलावं."

"कोणीही?" ते जागच्या जागी थांबले. मी त्यांना थांबलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सभेला सूट घालून आले. भिंतीला टेकून दोन तास उभे. अध्यक्ष आमची शिल्पा, शिस्तीची फार कडक. मागच्या वर्षी एकजण गणपतीच्या जेवणातल्या चटणीवर चाळीस मिनिटं बोलला, तेव्हापासून माणशी तीन मिनिटं. पूजेची घंटी टेबलावरच असते.

शेवटचा विषय आला, शिल्पाने पाहुणे म्हणून परवानगी दिली आणि साहेबांनी पानं काढली. "माय लॉर्ड्स..."

भाषणात आजोबांनी लावलेल्या झाडांपर्यंत पोचले, आणि टिणटिण! अर्ध्या वाक्यात थांबले. सभापतींची आज्ञा ती आज्ञा. पानांची घडी घालू लागले. मला शिल्पाचा असा राग आला!

तेवढ्यात इंग्रजीचं एक अक्षर न कळलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या. "माझी तीन मिनिटं त्यांना द्या."

शिल्पा म्हणाली, "काकू, तुम्ही सभासद नाही हो."

"मग आमच्या जावयाची घ्या!"

दिली. मग मागून कुलकर्णी म्हणाले, "माझीही." मग त्यांची बायको. मग चटणीवाला. हात वर होतच गेले.

शिल्पाने डोकी मोजली. "आल्झो, चला तर मग, तेवीस जण. एक तास नऊ मिनिटं!" आणि घंटी पिशवीत टाकली.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं. मग शेजारची खुर्ची पुढे ओढली, आणि बसले.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "मंदारराव, चहा ठेवायला सांगा."