अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं

माझ्या बायकोच्या मामांइतका देवाला कामाला लावणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नसेल. धामापूरच्या पलीकडे त्यांचं गाव, काजूची बाग, आणि गावच्या देवळात जत्रेला सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घालायचा मान त्यांचा. पण जत्रेपुरतं थांबतील तर ते मामा कसले! स्कूटर सुरू होईना की गाऱ्हाणं, फणसावर कोयती पडायच्या आधी गाऱ्हाणं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला बसलो, तेव्हा माझ्या ताटातलं लालभडक सार बघून त्यांनी हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्यो पुण्याचो जावय, तिकटाची सवय नाय, तेच्या पोटाक सांभाळ रे म्हाराजा!" सगळं घर एका सुरात ओरडलं, "व्हय म्हाराजा!" देवाने त्या दिवशी मात्र ऐकलं नाही.

मामांना अधूनमधून बसल्याबसल्या छातीत धडधड सुरू व्हायची आणि आली तशी जायची. तिला ते 'पाव्हणो' म्हणत. "पाव्हणो इलो," म्हणून उंबऱ्यावर टेकत आणि तो गेला की उरलेला चहा पीत. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "पाव्हण्याक कोण घालवता?" पण दोन वर्षांपूर्वी हा पाहुणा भर जत्रेत आला. "जी कोण लेकरां गाव सोडून लांब गेली हत, तेंका..." इथवर येऊन मामा कोसळले. शुद्धीवर आल्यावर स्वतःच्या जिवाचं काही नाही, एकच घोकणी, "गाराणा अर्धा रवला. आता ती पोरां घराक कशी येतली?" ते पुरं करायला पुन्हा देवळात उभे राहिले, तर तेव्हाही पाहुणा हजर. तेव्हा कुठे पुण्याला यायला तयार झाले.

डॉक्टरांनी समजावलं, हृदयात जन्मापासून विजेची एक जास्तीची आडवाट आहे, ठोके तिथून भरकटतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेऊन ती वाट जाळायची. मला घाम फुटला. मामा म्हणाले, "म्हंजे बागेच्या गडग्याक भगदाड पडला हा, थंयसून ढोरां शिरतत. बुजवा मगे!"

भूल मांडीपुरतीच होती, मामा जागे होते. पुढचं मला सिस्टरने बाहेर येऊन सांगितलं. वाट सापडावी म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम धडधड सुरू केली आणि जाळल्याबरोबर ती थांबली. त्यासरशी मामांनी डोळे मिटले आणि जिथे तुटलं होतं तिथूनच सुरुवात केली, "...तेंका सुखान घराक हाड रे म्हाराजा!" सुखाने घरी आण, एवढंच मागणं, पण खोलीत कुणाला काही कळेना. "मगे मीच म्हटलंय, व्हय म्हाराजा," सिस्टर म्हणाली. मालवणची निघाली. "माका घराक जावन तीन वर्षां झाली," असं म्हणून ती परत आत गेली.

पाहुणा त्यानंतर फिरकला नाही. चहा पिताना मामांना कधीकधी चुकल्याचुकल्यासारखं होतं म्हणे. यंदा जत्रेत गाऱ्हाणं त्या ओळीशी आलं, "सुखान घराक हाड रे म्हाराजा," आणि मामा थांबले. माझ्या काळजात चर्र झालं. पण मामांचं काळीज ठीक होतं. ते गर्दीत त्या मालवणच्या सिस्टरला शोधत होते. ती नव्हती. मग तिच्या वाटचं मीच, जरा मोठ्यानेच, "व्हय म्हाराजा" म्हणालो.