सागवानी पिंपातली रम

मी जुन्या व्हिस्की आणि रम चाखतो आणि त्यांच्याविषयी लिहितो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. तरी पोरगा नेमकं काय करतो हे आई अजून कोणाला धड सांगत नाही. "लॅबमधी आहे," एवढंच ती विहारातल्या बायकांना सांगते. ते खोटं नाही. बी.एस्सी. झाल्यावर मी पुण्याकडच्या एका मद्याच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो, तिथे माझं नाक बरं आहे असं साहेबांच्या लक्षात आलं, आणि पुढे चाखणं हेच काम झालं. लिहिणं त्यानंतर आलं. चाखणारा माणूस पीत नाही, घोट तोंडात फिरवून थुंकतो, हे आईला समजावताना मला घाम फुटला होता.

"म्हणजे पंचशील मोडत नाही न?"

"नाही आई, गिळतच नाही मी."

"थुंकाचा पगार भेटते तुले?" असं म्हणून ती जी हसली, ती मग ताईला फोन करूनच थांबली.

या वैशाखात, भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, माझ्या या नाकाने माझ्या भाऊजींचे डोळे धोक्यात घातले. ते कसं झालं ते मी जसं आठवतं तसं लिहितो.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सुतार. आर्णीपासून थोडं आत त्यांचं गाव. घरामागे टिनाच्या शेडमध्ये कारखाना. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस, पण मी बारावीला असताना त्यांनी उरलेल्या सागाच्या तुकड्यांचा टेबल करून एस.टी.च्या टपावरून आमच्या घरी पाठवला. प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाचा होता. बी.एस्सी.चा सगळा अभ्यास मी त्या टेबलावर केला. कॉलेजात नाव घालायला यवतमाळला नेलं तेही त्यांनीच. मी लिहिलेलं सगळं ते मोबाइलवर वाचतात, अक्षर अक्षर लावून, आणि नंतर फोन करून प्रश्न विचारतात. माझा इतका बारकाईने वाचणारा दुसरा वाचक मला माहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी पिंपांवर एक लेख लिहिला होता. चांगली रम किंवा व्हिस्की जन्मतः पाण्यासारखी पांढरी असते, रंग आणि निम्मी चव तिला लाकूड देतं, असं त्यात होतं. आपल्याकडच्या उन्हात हे मुरणं थंड देशांपेक्षा खूप लवकर होतं, हेही होतं. आणि एक परिच्छेद असा: नवं पिंप सहसा सरळ वापरत नाहीत, आधी त्यात दुसरं मद्य भरून ठेवतात, लाकूड ते पिऊन घेतं, आणि मग वर्षानुवर्षं थोडं थोडं नव्या मद्याला परत देतं. परिच्छेद मला आवडला होता. लोकांनाही आवडला.

शनिवारी दुपारी मी पोहोचलो. आई आठवडाभर आधीच येऊन राहिली होती, मांडव अर्धा झाला होता. ऊन असं, की टिनाकडे पाहवत नव्हतं. भाऊजींनी पाणीही पुरतं पिऊ दिलं नाही.

"काय साळेबुवा, नाक आणलं का सोबत?"

"आणलं ना."

"मंग चाल. तुले एक गोष्ट दाखवतो. तुह्या मायले सांगू नोको फक्त."

शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, दहाएक लिटरचं पिंप आडवं ठेवलेलं होतं. सागवानी. फळ्यांच्या सांध्यात केस शिरला नसता. लोखंडी पट्ट्या त्यांनी लोहाराकडून ठोकून आणल्या होत्या, आणि खाली एक लहान पितळी तोटी. मी नुसता पाहत राहिलो. ओकच्या लाकडाशिवाय पिंप होतं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि या माणसाने केवळ माझा लेख वाचून ते करून ठेवलं होतं. पांढरी रम त्यांनी आर्णीहून थोडी थोडी करून आणली होती. सहा महिने झाले होते. रोज एक चमचा घेऊन ते जिभेला लावत आणि कॅलेंडरवर खूण करत.

"उद्या रात्री पावण्याईचं जेवण झालं की इथं माणसं बसवतो. वीस जणाईले सांगून ठेवलं. पण पहिले तू पास कर."

ताई शेडच्या दारात आली. "तुमी दोघं मिळून माह्या पोरीचा साखरपुडा बुडवा," ती म्हणाली, पण हसतच. ती गेल्यावर मी सोबत आणलेला ग्लास पुसला.

रंग तांबूस, थोडा चहासारखा. नाकाशी नेला. गूळ, चामडं, सागाचा तो तेलकट कडवट वास, आणि त्या सगळ्याच्या वर पॉलिशचा वास. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा, लाखेचा.

आता हे आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल, पण जुन्या रममध्ये लाकडी सामानाच्या पॉलिशचा वास येणं हा गुण समजतात. खूप वर्षं पिंपात राहिलेल्या मद्याला तो येतो. मी स्वतः कितीतरी वेळा कौतुकाने तसं लिहिलं आहे. सहा महिन्यांच्या रमला तो वास कसा, हा प्रश्न मला पडला. उत्तरही मीच दिलं: आपलं ऊन. घोट घेतला, फिरवला, मातीवर थुंकला.

"भाऊजी, पॉलिशचा वास येतो हिला. हा वास वीस वर्षांच्या रमला येतो."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. सातवी शिकलेल्या माणसाला कोणी भरसभेत पहिला नंबर दिल्यासारखा. "खरं सांगून राह्यला, का माह्या मनासाठी?"

"खरं. मी यावर लिहिणार आहे."

आणि मी घरात जाऊन खरंच लिहायला बसलो. ते शेडमध्येच थांबले. इतके महिने चमच्यावर काढलेल्या त्या माणसाने त्या दुपारी पहिल्यांदा ग्लास भरला. मग दुसरा. मित्रांना फोनवर सांगत होते, "साळ्यानं पास केली, उद्या या." संध्याकाळी ते लवकर झोपले. डोकं जड आहे म्हणाले. मांडवाच्या धावपळीचा थकवा, असं सगळ्यांनी धरलं.

सकाळी आठला मी ओसरीवर चहा पीत होतो. ऊन अंगणात उतरलं होतं, मांडवाच्या कापडाचा लाल रंग डोळ्यात टोचत होता. भाऊजी दारातून बाहेर आले, चौकट धरून उभे राहिले.

"धुई पडली काय रे आज?"

वैशाखात धुकं. आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. ताई आतूनच म्हणाली, "उतरली नाई वाटते अजून."

"नाई न. सगळं पांढरं पांढरं दिसून राह्यलं. तू कोण उभी आहे तिथं?"

तिथे कोणी उभं नव्हतं. मांडवाचा खांब होता.

मी उठलो. त्यांचा श्वास जोरात चालला होता, धावून आल्यासारखा. पोट दुखतं म्हणाले, एकदा उलटीही झाली होती. मला आतून काहीतरी कळायला लागलं होतं आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"भाऊजी, पिंपात रम भरायच्या आधी काय भरलं होतं?"

"तूच तं लिहिलं होतं, पहिले दुसरी दारू मुरवा लागते म्हणून."

"हो, पण कोणती भरली?"

"आता वाइन कुठून आणू मी? स्पिरिट भरलं."

"कोणतं स्पिरिट?"

"पॉलिशचं. ज्याच्यात लाख विरघळवतो ते. थोडी लाख बी होती त्याच्यात. महिनाभर ठेवलं, लाकूड मस्त फुगलं, सांधे बसले. मंग ओतून टाकलं." मग माझ्या दिशेने मान वळवून, "ते बी दारूच असते न? काहून?"

पॉलिशच्या स्वस्त स्पिरिटमध्ये मिथाइल अल्कोहोल असतं. ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि जास्त झालं तर माणूस नेतं. दारूत मिसळलेलं ते वासाने ओळखता येत नाही, हे मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्या सागाच्या टेबलावर बसून पाठ केलं होतं. पण लाखेचा वास तर मला आला होता. नाकाने आपलं काम केलं होतं. मीच त्याला गुण ठरवलं.

शेजारच्या मुस्लिम मेकॅनिकची गाडी मिळाली. तो स्वतःच चालवायला बसला. वाटेत त्याने एकदाच विचारलं, "भाईजान, दिखता है क्या कुछ?" आणि भाऊजी म्हणाले, "उजेड दिसते." यवतमाळपर्यंत ताईने त्यांचा हात सोडला नाही आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होत्या. मी मिथाइल म्हटल्याबरोबर त्यांनी पुढचं विचारलं नाही, रक्त घेतलं, सलाइन लावलं. माझंही रक्त घेतलं. यावरचं खास औषध नागपूरहून यायला वेळ लागणार होता.

"तोपर्यंत साधी दारू पाजावी लागेल," त्या म्हणाल्या. "शरीर आधी ती पचवायला घेतं, तेवढा वेळ विष तसंच पडून राहतं. मी मोजून सांगते, तेवढीच. आणि सीलबंद आणा."

मी दुकानात गेलो. फळीवर तीसेक बाटल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांवर मी काहीना काही लिहिलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "कोणती देऊ?" मला एकही नाव आठवेना.

"सीलबंद द्या," मी म्हणालो.

"सगळ्याच सीलबंद असतात साहेब."

ताईने आयुष्यात कधी दारूच्या ग्लासाला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिने तासातासाला, डॉक्टरांनी खूण केलेल्या मापाने, नवऱ्याच्या तोंडाला ती लावली. पाणी मिसळून, लेकराला औषध द्यावं तशी मान धरून. भाऊजींनी डोळे मिटले होते. उघडून फरक पडत नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास मला पिंप आठवलं. वीस माणसांना आमंत्रण होतं, शेडला कडी होती, कुलूप नव्हतं. मी आईला फोन केला. ती पलीकडून शांतपणे म्हणाली, "तिघं जण येऊन गेले. म्हणे, चव तं पाहू द्या माय, तुमच्याच पोरानं पास केली म्हणते."

"दिली का?"

"वेडा झाला का तू? मी तोटीपाशी खुर्ची टाकून बसली आहे. पिंपाखालीच खड्डा खोदून घेतला. सोडली आहे तोटी. लय हळू जाते रे बाबू. वास येऊन राह्यला नुसता. मी उठत नाई, जाईपर्यंत."

ती अंधार पडेपर्यंत तिथे बसली होती. त्या दिवशी आमच्या घरात साखरपुडा झाला नाही. मुलाकडचे लोक यवतमाळलाच भेटून गेले. पुढची तारीख नंतर ठरवू म्हणाले, आणि ती ठरवलीही.

माझ्या रक्तात काही निघालं नाही. मी थुंकलो होतो. त्यांनी माझ्या शब्दावर गिळलं होतं.

औषध आलं, डायलिसिस झालं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यांसमोर बोटं धरली तेव्हा भाऊजी म्हणाले, "हात दिसते, बोटं नाई." नवव्या दिवशी बोटं कडेने दिसायला लागली. आता दोन महिने झाले. आजूबाजूचं दिसतं, दार, माणूस, ढोर. पण ज्यावर नजर लावावी तिथे नेमका डाग येतो. चेहरा पाहायचा तर ते कानाकडे पाहतात. आणखी किती सुधारेल हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्ही आता विचारतही नाही. त्या शनिवारी मी लिहायला घेतलेला लेख पुसून टाकला. आधीच्या जुन्या लेखाखाली काय भरू नये ते ठळक लिहिलं, पण ते कोण किती वाचेल, माहीत नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. भाऊजी शेडमध्ये होते. ताई म्हणाली, "ऐकत नाईत. पोरीचा दिवाण मीच करतो म्हणते." त्यांनी फळीवर खिळ्याने रेघ ओढली होती, नखाने ती चाचपून करवत चालवत होते. मी दारात उभा राहिलो. फळी कापून झाली. त्यांनी ती उचलून माझ्या दिशेने, माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला, धरली.

"पाह्य बरं. सरळ गेली न?"

फळी सरळ गेली नव्हती. मधे कुठेतरी करवत सरकली होती आणि शेवटपर्यंत तशीच गेली होती. ते वाट पाहत होते. मला माहीत होतं की मी हो म्हटलं तर ते विश्वास ठेवतील, आणि ती फळी तशीच भाचीच्या दिवाणाला लागेल.

"नाही, भाऊजी. वाकडी गेली."

"किती?"

"शेवटाले दोन सूत. पाव इंच धरा."

त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा. फळी बाजूला ठेवली.

"दुसरी दे," ते म्हणाले. "आन् आता कापतानीच सांगत राह्य."