सही करणारा आत बसतो

"वळा जरा," असं म्हणून तो माणूस आपल्या पार्श्वभागाकडे डोळे बारीक करून बघायचा. आपल्या म्हणजे माझ्या, शेठच्या, आणि एकदा तर सुटाबुटातल्या सरकारी साहेबाच्यासुद्धा. तिथे पांढरं दिसलं की मान डोलवायचा. "बसलात. आता करा सही."

तुम्ही हसाल. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, ज्याच्या खुळाला सगळे हसतात आणि तरी त्याचंच ऐकतात. आमचा हा हेडमिस्त्री तसाच होता.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे आमचा कारखाना होता. लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायचा. मी तिथे नकाशे काढायचो, म्हणून मिस्त्री मला "नकाशेवाले" म्हणत. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला अहोजाहो करायचे. मी मॅट्रिक झालेला ना! त्या अहोजाहोची मला तेव्हा फार ऐट होती.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात आली आणि शेठला नवं काम मिळालं. लढाईतून उरलेल्या, लिलावात निघालेल्या लष्करी गाड्या घ्यायच्या, त्यांना बाजूंनी जाड पत्रा ठोकायचा, काचांना जाळी बसवायची. अशी हलकी चिलखती गाडी तयार झाली की ती सरकारी खात्याला द्यायची. रस्त्यावर दंगल झाली की शिपायांना आत बसवून न्यायला. म्हणजे दिवसा आम्ही त्या गाड्या बांधायचो आणि संध्याकाळी त्याच गाड्यांसमोर उभं राहून "झालाच पाहिजे" ओरडायचो. पोट आणि घसा वेगवेगळ्या कामाला लावले होते, दुसरं काय!

मिस्त्री मोठ्या लढाईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. मिसर, म्हणजे इजिप्त, पाहिलेलं, इटली पाहिलेलं. नवी गाडी आवारात आली की आधी तिच्या पोटाखाली शिरायचे आणि हातोडीने एक ठोका द्यायचे. सांध्यातून चिमूटभर वाळू पडली की ती तळहातावर घेऊन बाहेर यायचे. "मिसरची. बघा, नकाशेवाले. ही कॅनडात जन्मली, मिसरात राबली आणि आता रे रोडला आलीय. तुमच्या सगळ्या खानदानाने बघितलं नसेल एवढं जग हिने बघितलंय."

"मिस्त्री, अशी गाडी पहिल्यांदा काढली कुणी हो?" मी एकदा विचारलं.

"नाव कशाला पाहिजे? मोटार निघाली, आणि लगेच कुणीतरी तिला बॉयलरचा पत्रा ठोकला. मग लढाईत नेली. लढाई संपल्यावर काय, फेकून द्यायची? मग शहरात आणली. आता राजाला पाहिजे, लाटसाहेबाला पाहिजे, पेढीवाल्याला पाहिजे. जिथे माणूस माणसाला घाबरला तिथे ही गाडी गेली." मग म्हणाले, "गाडी कुणाची का असेना, आत माणूस असतो. एवढं डोक्यात ठेवा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. आणि त्याच्यामागोमाग ठरलेलं दुसरं यायचं: "सही करणारा आत बसतो."

तो त्यांचा कायदा होता. गाडी पूर्ण झाली, की ती पास झाल्याच्या कागदावर नकाशेवाल्याची सही लागे, कधी शेठची, कधी खात्याच्या साहेबाचीही. त्याआधी सही करणाऱ्याने मागच्या भागात बसायचं, दार लावून घ्यायचं, बाकावर पाठ टेकायची आणि मग स्वतःच्या हाताने कडी फिरवून बाहेर यायचं. आणि कुणी न बसताच थाप मारू नये म्हणून मिस्त्री बाकावर संगजिऱ्याची पूड भुरभुरवून ठेवायचे. टायरच्या ट्यूबला लावतात ती, पांढरी, मऊ. बसलं की ती पाटलोणीला चिकटायची. "वळा जरा" ते त्यासाठी.

"एवढं कशाला हो?" मी विचारलं होतं.

"मिसरात एकदा दार उघडलं नव्हतं," ते म्हणाले. पुढचं कधीच सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

माणूस मोठा सरळ. त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आले, तेव्हा घोडपदेवच्या त्यांच्या खोलीत आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर. मी थट्टेने म्हटलं, "मिस्त्री, खोटं न बोलायची शपथ घेतलीत, आता शेठपुढे थापा मारता येणार नाहीत तुम्हाला." ते म्हणाले, "आधी तरी कुठे येत होत्या? उगाच शपथ घेतली असं वाटतंय." आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

आता ती संध्याकाळ.

गाडी तयार होऊन आवारात उभी होती, तोंड फाटकाकडे. आदल्या आठवड्यात खात्याने मागच्या दाराला आतून आणखी एक पत्रा मागितला होता. त्याचं माप मी काढून दिलं आणि मिस्त्रींनी त्या मापाने पत्रा बसवला. आता राहिली होती माझी सही.

पण फाटकाबाहेर माणसं जमली होती. गोदीतली, वखारींमधली, झेंडे घेऊन सभेला निघालेली. आमच्या लालबागच्या चाळीतली चौघंजणं त्यांत होती, मला बरोबर न्यायला थांबलेली. ती गाडी बघून लोक शिव्या देत होते. एकजण मला हाक मारून ओरडला, "ए, ये ना रे लवकर! का त्या डब्यातनंच येतोस?" सगळे हसले.

मला सांगा, त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी त्या गाडीत चढून बसायचं? मिस्त्री मोरीवर हातपाय धुवायला गेले होते. मी दाराशी गेलो, आत हात घातला, बाकावरची पूड मूठभर घेतली आणि चापट मारून स्वतःच्या पाटलोणीला फासली. वर मनात काय? तर, मी तत्त्व पाळलं! या गाडीला माझं अंग लागू दिलं नाही!

मिस्त्री हात पुसत आले. "बसलात?"

"हो हो. घाईत आहे, मिस्त्री, सभा सुरू होईल."

"वळा जरा."

वळलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले असं मला वाटलं. मग म्हणाले, "करा सही."

केली. आणि पळत जाऊन घोषणा देणाऱ्यांत मिसळलो. त्या सभेत माझ्याएवढ्या जोरात कुणी ओरडलं नसेल.

दहाबारा दिवसांनी ती गाडी एका गल्लीत दगडफेकीत सापडली. आतले शिपाई उतरले, एकजण मागे राहिला. वाऱ्याने म्हणा, कुणाच्या धक्क्याने म्हणा, दार लागलं. कुणीतरी पेटतं काहीतरी खाली सरकवलं आणि गाडीत धूर भरला. आतली कडी अर्धीच फिरत होती. पुढे तिला माझा तो नवा पत्रा आडवा येत होता, माप बोटभर जास्त झालं होतं माझं. बाहेरून दार सुरळीत उघडायचं, आतून नाही. आत बसून दार लावून घेतलं असतं तर कुणालाही हे मिनिटात कळलं असतं.

त्या शिपायाने तापलेली कडी दोन्ही हातांनी ओढली. त्याचं ओरडणं ऐकून शेवटी दगड मारणाऱ्यांनीच धावत येऊन बाहेरून दार उघडलं. कुडाळकडचा पोरगा होता, माझ्याच वयाचा. जगला, पण दोन्ही हातांची बोटं कायमची आखडली.

शेठच्या केबिनमध्ये चौकशी झाली. सरकारी साहेब, शेठ, मिस्त्री आणि मी, एवढेच. साहेबाने आधी मला विचारलं, "तुमची सही आहे. तुम्ही आत बसला होता?"

माझी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगतोच आहे, म्हणजे सबबच झाली, जाऊ द्या. मी म्हणालो, "हो साहेब. तेव्हा कडी पुरती फिरत होती. पत्रा मागाहून हलला असेल."

म्हणजे पत्रा ढिला बसवला मिस्त्रींनी. न बोलता बोललोच की मी ते.

साहेब मिस्त्रींकडे वळला. "तुझं काय म्हणणं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "शेवटची नजर माझी होती साहेब. चूक माझी."

त्याच दिवशी त्यांना काढलं. हातोडी आणि संगजिऱ्याचा डबा तेवढा घेऊन गेले. फाटकाजवळ मी उभा होतो. मला बघून म्हणाले, "येतो, नकाशेवाले." अहोजाहो तेव्हाही सोडली नाही त्यांनी. चार शिव्या घातल्या असत्या तर मला त्या रात्री झोप तरी लागली असती.

पुढे दोनतीन वर्षं मी घोडपदेवच्या वाटेला गेलो नाही. भायखळ्याला जायचं असलं तरी लांबचा वळसा घ्यायचो. मग राज्य झालं. मुंबईसह झालं! घराघरावर तोरणं, रस्त्यात अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. आणि मला भर दुपारी, त्या सगळ्या गुलालात, एकच तोंड दिसायला लागलं. पेढे घेतले आणि तडक घोडपदेव गाठलं.

मिस्त्री फुटपाथवर पंक्चर काढत बसले होते. वाळले होते. "या! बसा," म्हणून फळकूट पुढे सरकवलं. पेढा घेतला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा नातीसाठी कागदात बांधला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. न बसलेलो, पूड फासलेली, खोटं बोललेलो.

"माहीत आहे," ते म्हणाले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. "पाटलोणीवर पाच बोटं उमटली होती तुमच्या. बसलेल्या माणसाला बोटं उमटतात होय?"

"मग तेव्हाच का नाही मला पकडलंत? साहेबाला का नाही सांगितलंत?"

"साहेबाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमच्या पाटलोणीचं कुणी मला विचारलं नाही." मग ट्यूब बाजूला ठेवली. "आणि तेव्हाच का नाही पकडलं, तर बाहेर पोरं ओरडत होती ना? मलासुद्धा त्या दिवशी त्या गाडीची शिसारी आली होती. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस. बघून न बघितल्यासारखं केलं. म्हणून म्हणालो, चूक माझी. खोटं नाही बोललो मी. माझी मी भरली."

"माझी मी कशी भरू, मिस्त्री?"

"तो पोरगा परळला असतो. त्याच्याकडे गेलात का कधी?"

"नाही."

"मग इथे कशाला आलात?" रागावून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं. चाळीचं नाव, मजला, खोली, सगळं नीट सांगितलं. ते दर रविवारी जात होते त्याच्याकडे.

मी उठलो. दोन पावलं गेलो असेन, तर मागून आवाज आला. "नकाशेवाले, वळा जरा."

वळून त्यांच्याकडे बघितलं, मग सवयीने पुन्हा पाठ केली. त्या फळकुटावर संगजिरा सांडलेला होता, पाटलोण मागून पांढरीफटक झाली होती. मिस्त्री हसले, अगदी जुनं, खो खो हसले. "आज मात्र बसलात हो!" मीही हसलो, आणि रडूही आलं. ती पूड न झटकता मी तसाच त्या मिरवणुकांमधून परळपर्यंत चालत गेलो.

त्या चाळीच्या जिन्यापर्यंत गेलो. पहिल्या मजल्यावर कुणीतरी पेढे वाटत होतं. चार पायऱ्या चढलो आणि परत फिरलो. उद्या जाऊ म्हटलं. तो उद्या काही आला नाही.

पुढे तीस वर्षं मी त्याच धंद्यात राहिलो. आता तर या गाड्या जगात कुठे नाहीत? विमानतळावर, बँकांबाहेर, मंत्र्यांच्या मागेपुढे. कुठलंही वर्तमानपत्र उघडा, कुठल्यातरी परक्या शहराच्या चौकात अशी एक उभी असते आणि समोर पोरं ओरडत असतात. माझी नजर आधी मागच्या दाराकडे जाते. माझ्या हाताखालच्या एकेका पोराला मी आत बसवून कडी फिरवायला लावली. ते माझ्या मागे हसायचे. मी मिस्त्रींचं नाव कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मिस्त्री गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. घोडपदेवच्या खोलीत गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो, शेजारी तो संगजिऱ्याचा डबा. माणसं भेटून जात होती. दाराजवळच्या बाकावर माझ्याच वयाचा एकजण दोन्ही मनगटांत कप धरून चहा पीत होता. बोटं मिटलेली, कातडी चकचकीत.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मिस्त्रींचे कोण?"

"एका कारखान्यात होतो आम्ही."

"होय काय! मोठो माणूस हो. माझ्यासाठी काय काय केल्यानी त्यांनी." तो बाकावर सरकला, कोपराने शेजारची जागा दाखवली. "या की, बसा. जागा आहे."

सगळं सांगायला तेवढी एकच जागा होती, आणि ती त्याने स्वतः करून दिली होती.

मी म्हणालो, "नको. घाईत आहे."