कुलूपवाल्या मामांची यादी

फुकट मिळालेल्या कुलपामागे चोर असतो, असं मामांचं ठाम मत होतं. तीस वर्षं किल्ल्या-कुलपांचं दुकान चालवल्यावर माणसाविषयी दुसरं मत राहत नाही.

गल्लीत त्यांची ख्याती एकाच गोष्टीची. किल्ली हरवलेलं गिऱ्हाईक आलं की मामा आतल्या खोलीत जात, दोन मिनिटांनी परतत आणि नवी किल्ली कापून देत. "बोटांना आठवतं," म्हणत. खरं तर आठवायचं ते आतल्या संगणकाला. त्यात अकराशे घरांच्या किल्ल्यांच्या खाचांचे आकडे होते, नावपत्त्यासकट. यादी फुटली तर अब्रू आणि दुकान एकाच दिवशी जाणार होतं.

आणि आता संगणक म्हातारा झाला होता. त्यातल्या विकतच्या सिस्टिमची डागडुजी कंपनीने केव्हाच थांबवली होती. तेव्हा कॉलेजात संगणक शिकवणारी भाची तीन पेनड्राइव्ह घेऊन आली.

"लिनक्स नावाची सिस्टिम आहे, मामा. तीन प्रकार, तिन्ही फुकट. आतला कोड कुणीही वाचू शकतं."

"कुणीही? म्हणजे चोरही."

"तुमच्या कुलपाची रचना चोराला माहीत नसते?"

"असते. किल्ली नसते त्याच्याकडे," मामा म्हणाले, आणि आपल्याच तोंडून साक्ष निघाल्यासारखे पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहू लागले.

भाचीवर त्यांचा विश्वास होता. म्हणजे ती समोर असेपर्यंत. ती गेल्यावर त्यांनी इंटरनेटची तार उपटली, खोट्या नावांची एक यादी बनवली, पेनड्राइव्हवरून तिन्ही सिस्टिम एकेक करून चालवल्या आणि यातली कोणती ती यादी बाहेर पोचवते याची वाट पाहत बसले. तार नसताना कोणीच पोचवली नाही. मामांचा संशय वाढला. इतकं शहाणं कोण वागतं?

पहिली देखणी होती, पण म्हाताऱ्या यंत्राला धाप लागली. दुसरी हलकी, भराभर उघडणारी. तेच मामांना खुपलं. तिसरी रुक्ष. काळ्या खिडकीत पासवर्ड मागायची आणि टाईप करताना साधा ठिपकाही दाखवायची नाही. किती अक्षरं झाली तेही कळू न देणारी ही बया मामांना पहिल्यांदा घरंदाज वाटली.

रविवारी भाचीने ती बसवली. "सगळी डिस्क कुलूपबंद करू? पासवर्ड विसरलात तर मीही उघडू शकणार नाही."

"आणि सिस्टिम बनवणाऱ्याला उघडता येईल?"

"त्यालाही नाही."

"असं मीही गिऱ्हाइकांना सांगतो," मामा म्हणाले. पण तिला पाठ फिरवायला लावून पासवर्ड घातला. यादी आत गेली.

सोमवारी शिवणकामवाल्या बाई आल्या. किल्ली हरवली होती. मामा सवयीने आत गेले. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. ठिपके नसल्यामुळे कुठे चुकतोय तेही कळेना. बाहेर बाई ताटकळलेल्या. पाचव्या खेपेला उघडलं, तोवर मामांना घाम फुटला होता आणि बोटांचं सोंग आणायची ताकद उरली नव्हती.

"माफ करा, बाई. यादीत बघावं लागलं."

"ठाऊक आहे की," बाई म्हणाल्या. "दर वेळी आतून संगणकाच्या बटणांची टकटक ऐकू येते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. यादी नीट सांभाळता ना, तेवढं सांगा."

"आता सांभाळतो," मामा म्हणाले, आणि किल्ली कापता कापता, सगळी गल्ली म्हणजे नेमकं कोण कोण, याचा हिशेब लावू लागले.