हेच बघतेत

नांदेडच्या कोर्टात अपघाताचे दावे चालवणारे वकील पुष्कळ आहेत. शिवमूर्ती त्यांतला एक. नावाजलेला नाही, पडेलही नाही. त्याच्याकडं येणारी माणसं एकमेकांना सांगत, त्या वकिलाकडं जा, तो नाही म्हणायला शिकवतो.

तो मूळचा मुरुडचा. बाप गुरुपादप्पा यांचं तिथल्या मोंढ्याच्या बाजारात सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि पोरगं दुकानात बसणार हे धरूनच चाललेलं होतं. पोरगं कायदा शिकायला नांदेडला आलं ते परत गेलं नाही. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यानं एक खोली घेतली आणि पहिल्याच वर्षी तिचा उंबरठा फोडून जागा सपाट केली, कारण येणारी निम्मी माणसं चाकांवर नाहीतर कुबड्यांवर यायची. आई, गंगम्मा, ऑफिस बघायला आली तेव्हा दारातच थबकली.

"उंबरठा न्हाई रे शिवा. हळदीकुंकू कुठं वाहू?"

"भिंतीला वाहा, अव्वा."

तिनं भिंतीला वाहिलं. पण हे घर काही खरं नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

बावीस वर्षं झाली. त्या सपाट दारातून आत काय काय आलं. उसाची ट्रॉली अंगावर उलटलेला मजूर आला, धरणात मासे धरताना बोटीच्या पंख्यात हात गेलेला भोई आला, लग्नाच्या जीपमधून फेकली गेलेली नवरी आली. कागद सगळ्यांचे सारखेच. पंचनामा, दवाखान्याच्या पावत्या, अपंगत्वाचा दाखला. कागदांची शिवमूर्तीला कधी अडचण पडली नाही. अडचण पडायची ती माणसांच्या तोंडाची.

आपल्याकडच्या माणसाला कसं आहे म्हणून विचारलं, की तो बरं हाय म्हणतो. पाय असो नसो, हात असो नसो. विचारणाऱ्याचा मान राखायचा असतो. विमा कंपनीचे वकील हे ओळखून होते. उलटतपासणीचा त्यांचा पहिला प्रश्न साखरेत घोळलेला असे, "काय काका, आता बरं हाय ना?" काका म्हणत, "हाव, बरं हाय साहेब, तुमच्या आशीर्वादानं." आणि टायपिस्ट ते टाइप करत असे. मी आता बरा आहे हे खरे आहे.

म्हणून शिवमूर्ती साक्षीच्या आधी आठ-आठ दिवस माणसांना ऑफिसात बसवून घोकून घ्यायचा. त्याची बायको सुकन्या म्हणायची, ह्यांना कुणी बरं हाय का विचारलं तर हे आधी विचारतात, कोण लिहून घेतंय का.

ग्यानोबा आणि साखराबाई त्याच्याकडं आले ते असेच. अर्धापूरजवळच्या खेड्यातले, तीन एकर केळीवाले. ग्यानोबा मोटारसायकलवर नांदेडला निघाला होता, मागून टँकरनं उडवलं. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला आणि कमरेचं हाड असं बसलं की अर्ध्या तासावर बैठक नाही. नकली पाय त्या कमरेला पेलेना. वय पंचावन्न. मुलगी तनुजा हिमायतनगरला दिलेली, ती महिनाभर येऊन राहिली आणि गेली. तिनं तरी किती राहावं.

पहिल्या दिवशी शिवमूर्तीनं त्याला समोर बसवलं.

"आता मी कंपनीचा वकील. काय ग्यानोबाराव, बरं हाय का?"

"बरं..." ग्यानोबानं जीभ आवरली. "बरं न्हाई."

"कामून?"

"पाय न्हाई."

"मोठ्यानं."

"आवं साहेब, पाय न्हाई ते दिसून राहिलं की त्यांना. आंधळेत का ते?"

"दिसलेलं टाइप होत न्हाई. बोललेलं होतं."

साखराबाई पदराआड हसली. "ह्यांला न्हाई म्हनायची सवयच न्हाई. लग्नात बी सासऱ्यानं घड्याळ देत न्हाई म्हनलं, तर हे हाव म्हनले."

"घड्याळ काय करायचं होतं मला?" ग्यानोबा म्हणाला. "येळ तर तूच सांगायलीस तव्हापासून."

शिवमूर्तीनं तिलाही घोकवलं. नवऱ्याला उठवणं, न्हाऊ घालणं, शौचाला नेणं, रात्रीतून कूस बदलून देणं. ती न चुकता सांगायची. तिचीच साक्ष महत्त्वाची होती, कारण कंपनीचं म्हणणं असं होतं, की याचा पाय गेला पण शेत तर गेलं नाही. बसल्या जागी माणसं लावून तो शेत करू शकतो, म्हणजे त्याचा धंदा बुडालाच नाही. कोर्टाला हे पटलं असतं तर नुकसान अर्ध्यावर आलं असतं आणि त्याला सांभाळायला जन्मभर एक माणूस ठेवण्याचा खर्च तर मिळालाच नसता. मग शेत आणि नवरा, दोन्ही साखराबाईच्याच पाठीवर. ती पाठ आताच वाकायला लागली होती.

शिवमूर्तीचा आणखी एक नेम होता. बायकोची साक्ष असली की नवऱ्याला तो बाहेर व्हरांड्यात बसवायचा, चहा सांगायचा आणि गुंतवून ठेवायचा. नवऱ्याचं काय काय गेलं हे बाईला त्याच्यादेखत सांगता येत नाही, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

पण साखराबाईची साक्ष लागली ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. व्हरांड्यातल्या फरशीवर चपला काढवत नव्हत्या. ग्यानोबाच्या कमरेत कळ निघत होती. कपाळावरचा घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता आणि दोन्ही हातांनी बाक धरलेला असल्यानं तो पुसताही येत नव्हता.

"साहेब, आत पंखा हाय का?" त्यानं विचारलं.

शिवमूर्तीनं त्याच्याकडं पाहिलं. बावीस वर्षांत मोडला नव्हता तो नेम त्यानं मोडला. "चला आत," म्हणाला. काखेत हात घालून त्यानंच त्याला मागच्या रांगेत, पंख्याखाली नेऊन बसवलं.

ग्यानोबाची साक्ष आधीच झाली होती. आता साखराबाई साक्षीला उभी राहिली. सुरुवात नीट झाली. उठवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं तिनं समोरच्या भिंतीकडं बघत सांगितलं. कंपनीचा वकील उमाशंकर जुना माणूस होता, वाईट नव्हता. त्यानं आधी तिला पाणी द्यायला सांगितलं.

"मावशी, शेतात केळी हाय म्हणता. का आता पडीक पडलंय?"

हे तिला लागलं. "पडीक कामून पडल? घड लागलेत. येऊन बघा की."

"येतो की. मग एवढं सगळं शेत बघतं कोण?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं. पंख्याखाली ग्यानोबा बसला होता. कोर्टात यायचं म्हणून शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, टोपी मांडीवर. जी एक मांडी होती, तिच्यावर.

"हेच बघतेत की," ती म्हणाली.

"सगळं?"

"समदं. ह्यांला इचारल्याबिगर आमच्यात पान्याचा कॉक फिरत न्हाई."

"एवढंच विचारायचं होतं," असं म्हणून उमाशंकर खाली बसला. टायपिस्टची बोटं चालली. शेती माझे पतीच बघतात. शिवमूर्तीला तो 'च' पडद्यावर उमटताना दिसला.

त्याला त्यांचं शेत आठवलं. फोटो काढायला तो गेला होता. बांधावरच्या लिंबाखाली बाज टाकून ग्यानोबा बसलेला आणि ती केळीच्या ओळींतून ओरडून विचारायची, "पानी सोडू का वो?" तो हात वर करून म्हणायचा, "हाव, सोड." शिवमूर्ती तेव्हा ओळींच्या कडेला उभा होता. पायाखालची जमीन ओली होती. नळ्यांतून पाणी केव्हाचं ठिबकत होतं. ती पाणी सोडून मग विचारत होती. त्याला ते फार आवडलं होतं, घरी जाऊन त्यानं सुकन्यालाही सांगितलं होतं. कोर्टात हेच आपल्या अंगावर येईल, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. रोज नवऱ्याला शेताचा मालक करून ठेवणारी बाई इथं येऊन ते मोडणार नव्हती.

तो फेरतपासणीला उठला.

"पाण्याचा कॉक कोण फिरवतं?"

"म्या."

"खत?"

"म्या. हे सांगतेत."

"केळीच्या बुडाची पिलं कोण कापतं?"

"म्याच. हे सांगतेत तसं."

आता एकच प्रश्न उरला होता. तो विचारू नये असं त्याला वाटलं आणि न विचारून चालणार नव्हतं. आपण वकील कुणाचे, तिच्या बोलण्याचे का तिच्या पाठीचे, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं विचारलं.

"बाई, तुम्ही यांना विचारता कधी? पाणी सोडायच्या आधी, का नंतर?"

साखराबाईनं मान खाली घातली. मग मागच्या रांगेतून ग्यानोबाचा आवाज आला, नेहमीसारखाच, शांत.

"नंतर. सोडून मग इचारती. मला म्हाईत हाय."

न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं. "तुमची साक्ष झालेली आहे. मध्ये बोलू नका." टायपिस्टला त्या म्हणाल्या, "हे घेऊ नका."

साखराबाई वळली नाही. कठड्याचं लाकूड तिनं दोन्ही हातांनी धरलं.

"आधी," ती म्हणाली. "आधी इचारते."

ते टाइप झालं.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. अर्जदार शेतीवर देखरेख करू शकतो असं धरून नुकसान अर्ध्यावर आणलेलं होतं. सांभाळायला माणूस, ही मागणी नामंजूर. शिवमूर्तीनं निकाल उभ्यानंच वाचला आणि त्या दिवशी तो डबा न खाता घरी गेला. सुकन्यानं डबा उघडून पाहिला.

चार दिवसांनी साखराबाई एकटीच आली. सपाट दारातून आत येऊन भिंतीला टेकून खालीच बसली.

"खुर्चीवर बसा की, बाई."

"राहू द्या. पाठीला भीत बरी लागती." मग म्हणाली, "म्या घान केली न्हवं?"

"तुम्ही न्हाई. मी त्यांना आत आणलं." तो म्हणाला. "आपण वरच्या कोर्टात अपील करू."

"तिथं म्या पुन्हा बोलावं लागल का?"

"न्हाई. तिथं कागदावरच चालतं."

"मग करा." ती उठेना. चुंबळीसारखा पदर हातात गुंडाळत राहिली. "साहेब, हे बोलंनात. साक्षीच्या दिसापासून. म्या बांधावरून इचारते, पानी सोडू का, तर तोंड फिरवून बसतेत. 'तुझं शेत तू बघ' म्हनले. आता तर लिंबाखाली बी येईनात, भितीकडं तोंड करून घरातच पडून राहतेत." ती थांबली. "कोर्टानं लिवलंय न्हवं, की शेत हेच बघतेत म्हनून?"

"तसंच लिहिलंय. म्हणूनच तर आपण हरलो, बाई."

"ते असू द्या. तुमी येऊन तेवढं वाचून दाखवा ह्यांला. माझं खरं वाटंना त्यांला. कोर्टाचं वाटल."

शिवमूर्ती रविवारी गेला. तिनं आणि शेजारच्या गड्यानं ग्यानोबाला उचलून बांधावर आणलं होतं. त्याचं तोंड रस्त्याकडं होतं. शिवमूर्ती बाजेच्या कडेला बसला, पिशवीतून निकाल काढला. निकाल इंग्रजीत होता. ते वाक्य त्याला पाठ होतं. अर्जदार देखरेख करू शकेल असे दिसते. एवढंच, आणि कोर्टानं तेही अडखळत लिहिलेलं.

"अर्जदारच शेत बघतो," त्यानं वाचलं, "असं कोर्टाचं मत हाय."

ग्यानोबानं मान वळवली. "अर्जदार म्हंजी?"

"तुम्ही."

"असं लिवलंय?"

"लिहिलंय."

"सही हाय?"

"सही हाय, शिक्का हाय. हे बघा."

ग्यानोबानं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि कागद परत दिला.

"पुन्हा वाचा."

शिवमूर्तीनं पुन्हा वाचलं. तोच 'च' पुन्हा घातला.

केळीच्या आत कुठूनतरी साखराबाईची हाक आली. "पानी सोडू का वो?"

ग्यानोबा खाली बघत राहिला. बांधाखालच्या पहिल्या ओळीची माती काळी पडत चालली होती. वकिलानंही ती पाहिली आणि नजर दुसरीकडं नेली. मग ग्यानोबानं हात वर केला. आधी इतका, की पानांतून कुणाला दिसलाच नसता. मग आणखी वर.

"हाव," तो म्हणाला. "सोड."

सोमवारी शिवमूर्ती अपिलाचा मसुदा करायला बसला. अपिलात पहिला मुद्दा सगळ्यांत वजनदार घ्यायचा असतो. तो दुसऱ्यापासून लिहीत गेला. दुसरा, तिसरा, वयाचा, औषधपाण्याचा. पाच मुद्दे झाले तरी पहिल्याची जागा कोरीच होती. शेवटी त्यानं तोही लिहिला. अर्जदार शेती बघू शकतो हा खालच्या कोर्टाचा निष्कर्ष साफ चुकीचा असून अर्जदार काहीही बघू शकत नाही.

मग त्यानं मसुद्याचे छापील कागद काढले. अपिलावर वकिलाची सही चालते, ग्यानोबाचा अंगठा लागतो तो फक्त वकीलपत्रावर. मसुदा त्याला वाचून दाखवायचं बंधन नाही. शिवमूर्तीनं सही केली आणि प्रत कुणाच्या हाती लागू नये म्हणून खणात, तळाशी ठेवली.