बोअरची किल्ली आणि फ्लॉरेन्सची थैली

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि अमरावतीत, वलगाव रोडच्या अंगाला असलेल्या आमच्या लेआऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बोअरची किल्ली माझ्या करदोट्याला होती. बोअर सगळ्यांची, पाणीही सगळ्यांचं. पण पंपखोलीचं कुलूप मी उघडल्याशिवाय कोणाच्या बादलीत थेंब पडत नसे. शाळा मी चौथीत सोडली. त्यानंतर जन्मभर गेट-ग्रिलचं वेल्डिंग केलं. पंपखोलीचं लोखंडी दारही माझ्याच हातचं. मग त्याची किल्ली दुसऱ्याकडे काहून जावी?

समोरच्या वकीलसाहेबांना हे खुपायचं. एका रविवारी संध्याकाळी पंपखोलीपुढच्या कडुनिंबाखाली सगळे बसलो असताना ते म्हणाले, "भाऊ, आता निवडणूक घ्या. तुमी काय राजे आहात?"

"राजा नाही. पण मोटर जळते तवा तुमी कोट घालून येता का दुरुस्तीले?"

आमच्यात एक सर आहेत. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण कुठं भांडण दिसलं की त्यांचा तास सुरू. ते म्हणाले, "पाच-सहाशे वर्षांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्स नावाचं शहर होतं. राजा नव्हता. थैलीतून नावांच्या चिठ्ठ्या काढून कारभारी नेमत. दोन महिने कारभार करायचा, की खुर्ची खाली. आणि थैलीत नाव कोणाचं? जो एखाद्या धंद्याच्या पंचायतीत आहे त्याचं. लोकरवाले, चामडं कमावणारे, लोहार. नुसत्या खानदानी सरदाराला तिथं जागा नाही."

लोहार म्हटल्यावर माझी छाती फुगली. ते तर आपलेच झाले की. मी उभाच राहिलो. "असंच करू! जो हातानं काम करते त्याचंच नाव. वकीलसाहेब बाहेर!"

"अहो, तिथं वकिलांचीही पंचायत होती. फार मानाची," सर हसत म्हणाले.

"तिथं असन. अमरावतीत नाही."

वकीलसाहेब चिडतील असं मला वाटलं होतं. पण ते शांतपणे म्हणाले, "मंजूर. मी बाहेर. पण मंग तुमचंही नाव चिठ्ठीवर, आन् ज्याची चिठ्ठी निंघन त्याले किल्ली. आत्ताच."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. शब्द तोंडातून गेला होता आणि गेलेला शब्द परत घ्यायची आमच्या घराण्यात रीत नाही. "आत्ताच," मी म्हणालो.

तेवढ्यात आमच्या ओट्यावरून शिलाई मशीनचा आवाज थांबला. बायको माझी अकोल्याची. ती ऐकून घेते, पण वेळ आल्यावर बोलते. "आवो, मंग माहं नाव टाका. आर्ध्या लेआऊटचे ब्लाऊज मी शिवते."

"तुही मशीन तं पायानं चालते!"

"आन् तुमचं तोंड कायनं चालते?"

हसता हसता लोकांच्या खुर्च्या हलल्या. सर म्हणाले, "वहिनी, तिथं मात्र बायकांची नावं थैलीत नसत."

"मंग बुडालं असन ते."

"बुडालं खरं. एका सावकार घराण्यानं हळूहळू थैलीत आपलीच माणसं भरली."

मी लगेच वकीलसाहेबांकडे पाहिलं. बाकीचे सगळे माझ्याकडे पाहत होते.

शेजारचे गादीवाले चाचा घरातून उशीची नवी खोळ घेऊन आले. "लो भाऊ, अंदर से टटोल लो." मी आत हात घातला, वकीलसाहेबांनी ती उलटी करून झटकली, कापसाचा एक पुंजका उडाला. हातानं काम करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या पडल्या, हिचीही पडली. सरांच्या डोळ्यांवर मीच माझा खांद्यावरचा दुपट्टा बांधला, चांगला घट्ट. त्यांनी चिठ्ठी काढली. चाचांनी ती उलगडली आणि वाचायच्या आधीच हसायला लागले. "भाभी!"

बायांनी टाळ्या पिटल्या.

"खोळ नीट हालवली नाही," मी म्हणालो. "पुन्हा काढा."

"अपील नाही, भाऊ," वकीलसाहेब म्हणाले. "कायदा तुमचाच हाय."

करदोट्याची गाठ इतकी जुनी की सुटता सुटेना. हिनं ओट्यावरून कपड्याची कात्री आणली आणि सगळ्यांदेखत कचकन दोरा कापला. किल्ली हातात घेऊन तिनं सरांना विचारलं, "त्या शहरात कारभाऱ्यायचा सयपाक कोन करे?"

"ते त्या दोन महिन्यांत घरी राहतच नसत. सरकारी वाड्यात राहायचं, तिथंच आयतं जेवायचं."

"आवो, ऐकलं का? मी घरीच राहीन, पन सकाऊनचा चहा तुमच्याकडे."

हातानं काम करणाऱ्यांचा नियम मीच केला होता आणि तो चांगलाच होता, अजूनही माझं तेच म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा सवयीनं हात कमरेला गेला. किल्ली नव्हती. ही केव्हाच पंपखोलीकडे गेली होती, मोटरीचा आवाज येत होता. मी चहा ठेवला, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन निघालो आणि नेहमीसारखा सरळ पंपखोलीच्या नळाशी गेलो. हिनं ग्लास घेतला, एक घोट घेतला.

"चहा बरा झाला," ती म्हणाली. "लाईन मांगं हाय."

मी मागं गेलो आणि वकीलसाहेबांच्या बादलीमागं माझी बादली ठेवली.